फोटोतला जादाचा हात

आदरणीय (आणि अनुपस्थित) ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग अगदी शब्दशः घे, कारण आयसीयूबाहेरच्या या बाकड्यावर थोडा वेळ बसलं की माणसाचं एकही अंग टेकायचं राहत नाही. तू बरी असशील, भाऊजींची पाठ सरळ झाली असेल आणि भाचीने पुन्हा स्वतःचे केस स्वतः कापले नसतील अशी आशा करतो. पत्र बघून दचकू नकोस. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला करून बजावलं, "मोठीला कुणी फोन करायचा नाही." दादाने तो आदेश मानला. मी तो नीट ऐकला. फोन म्हणाले होते. कुरिअरबद्दल अवाक्षर नव्हतं.

तर बाबा आजारी आहेत. भिंतीवरची फ्रेम सरळ करायला स्टुलावर चढले आणि उतरताना त्यांना श्वासच मिळेना. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे आणि फुप्फुसांत पाणी साठलंय, असं डॉक्टर म्हणाले. पहिले काही दिवस फार वाईट गेले. त्या दिवसांवर विनोद करता येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

पुढचं लिहितो. दादा गोदामाचा मॅनेजर असल्यामुळे त्याने वडिलांच्या आजारपणाचाही माल लावून घेतला. कुणी कधी बसायचं, कुणी जेवण आणायचं, कुणी डॉक्टरांशी बोलायचं (दादा), कुणी बोलायचं नाही (मी). आत एका वेळी एकालाच सोडतात. आत्याची पाळी आली की ती आत जाऊन बाबांचा हात धरते आणि असा हुंदका काढते, की शेजारच्या पेशंटचं मशीन वाजायला लागतं. शेवटी सिस्टरने तिला दारात अडवलं. "सिस्टर आहे मी इथली," ती म्हणाली. त्यावर आत्या, "मीसुद्धा त्याची सिस्टरच आहे!" वादाचा निकाल लागेपर्यंत आत्या आत पोचली होती.

मग एका सकाळी बाबांनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं, पण हात उचलून समोरच्या भिंतीकडे बोट दाखवायला लागले. आत एकटी वहिनी होती, ती घाबरून बाहेर आली आणि तिने उघड्या टाकलेल्या दारातून (सिस्टर औषधं आणायला गेली होती) आम्ही सगळेच आत घुसलो. वहिनीचं मत, एसीचा गारठा लागतोय. दादाचं मत, कपाटाच्या किल्ल्या. आत्याने तोंडाला पदर लावला. तिच्या मते आपली गेलेली आई त्यांना न्यायला आली होती आणि तिथे भिंतीपाशी उभी होती. आत्या त्या भिंतीला हात जोडून म्हणाली, "वहिनी, एवढ्यात नका हो नेऊ त्याला." खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही भिंतीपासून दोन पावलं मागे सरलो. मग मी बाबांच्या उशीपाशी वाकून त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. भिंतीवर धबधब्याचं एक चित्र होतं, आणि ते वाकडं लागलं होतं. मी जाऊन सरळ केलं. बाबांनी मान हलवली. उलट्या बाजूला केलं. आणखी किंचित, असं बोटाने सुचवलं. मग हात खाली पडला, डोळे मिटले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते शांत झोपले. जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोंना फ्रेम करणाऱ्या माणसाला त्या वाकड्या धबधब्यासमोर झोपवलं होतं आपण, कसा बरा होणार तो? (आत्या अजूनही म्हणते की चित्र आईनेच वाकडं केलं.)

आता मूळ भानगडीकडे येतो. तुला राग येईल, पण तो दादावर काढ.

तुझं आणि बाबांचं का बिनसलं हे मी तुला सांगायला नको. तरीही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. मुलगी बापाला गिऱ्हाइकासमोर म्हणाली, आता प्लास्टिकच्या तयार फ्रेमा ठेवा. बाप म्हणाला, मग मलाही प्लास्टिकचा घे. एवढ्यावरून दोन शहाणी माणसं बोलायची थांबली, दुकान हाताखालच्या मिस्त्रीला विकलं गेलं आणि घरात तुझं नाव काढलं की बाबा पाणी प्यायला उठायला लागले.

तर दादा म्हणाला, "तयारी असलेली बरी." कसली, हे तो बोलला नाही, पण त्याने एक फोटो शोधून काढला. तुझ्या लग्नातला. बाबा हसताना सापडलेले असा आपल्या घरातला तो एकमेव फोटो. अडचण एवढीच, की त्यात शेजारी तू आहेस, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. दादाने मिस्त्रीला सांगून कॉम्प्युटरवर तुला काढून टाकलं. म्हणाला, दोघांचं पटत नव्हतं, मग भिंतीवर तरी एकत्र कशाला?

मिस्त्री दुकानाचा मालक झालाय खरा, पण बाबांना विचारल्याशिवाय त्याने आजवर एक खिळा ठोकलेला नाही. तो बाबांना भेटायला आला तेव्हा दादा चहाला गेला होता आणि मी डुलकी काढत होतो. मिस्त्री सरळ आत गेला, तब्येतीची चौकशी केली आणि सवयीने पिशवीतून फोटो आणि त्याच्या कडेला लावायच्या पुठ्ठ्याचे दोन नमुने काढून विचारलं, "मालक, माउंट पांढरा घेऊ की क्रीम?"

बाबांनी मास्क काढला. "कुणाचा आहे?"

मिस्त्रीला तेव्हा कुठे उमगलं की आपण काय विचारून बसलो. तोपर्यंत दादा चहाचा कप घेऊन काचेबाहेर उभा राहिला होता. त्याने तो कप माझ्या हातात कोंबला आणि आत धावला. मी कपासकट मागे.

बाबा फोटो हात लांब करून बघत होते. "कुणी गेलं का रे?"

"नाही नाही बाबा, सहज मोठा करून घेतला."

"सहज? बारा बाय पंधरा?"

बाबांनी मिस्त्रीला सांगितलं, "क्रीम." मग फोटोतल्या स्वतःच्या खांद्यावर नख ठेवलं. "हा हात कुणाचा?"

ताई, मिस्त्रीने तुला काढलं होतं, पण तुझी चार बोटं राहून गेली होती. गोदामातलं कुठलं खोकं कुठे आहे हे झोपेत सांगणारा आपला दादा म्हणाला, "फोटोग्राफरचा असेल."

"मग फोटो कुणी काढला?"

बाबांना दम लागला होता, तरी थांबून थांबून बोलले, "बोटं ठेवायची आणि माणूस कापायचा, हे काय काम झालं? पुरती ठेवा तिला. नाहीतर भिंत रिकामी राहू दे." मग मास्क लावून त्यांनी तोंड फिरवलं. सिस्टरने आम्हा तिघांनाही चहासकट बाहेर काढलं. मिस्त्री जिन्यात बसून रडला. दादा रडला नाही, तो पार्किंगमध्ये गाडी बघायला गेला आणि बराच वेळ गाडी बघत राहिला.

बाकी सर्व क्षेम. काळजीचं कारण नाही. धावतपळत येण्याची तर अजिबात गरज नाही.

तुझा,
बारक्या

ता. क. वरच्या शेवटच्या ओळी लिहिताना दादा खांद्यावरून वाचत होता. आता गेलाय. ताई, ये. या आठवड्यात झडप बदलायला हवी, नाहीतर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि बाबा ऑपरेशनला नाही म्हणताहेत. डॉक्टर समजावून थकले, दादा ओरडून थकला, आत्या रडून थकली नाही पण तिचाही उपयोग झाला नाही. सगळ्यांना एकच उत्तर, "मोठीला विचारा." विचारू का म्हटलं की तोंड फिरवतात. तू येऊन भांडलीस तरी चालेल. तुझ्याशी भांडायला दम लागतो आणि दमाला झडप लागते, हे तरी त्यांना पटेल.

दुसरा ता. क. मघाशी आत गेलो तर बाबांनी विचारलं, बाहेर बसून काय खरडतोस? मी म्हणालो, ऑफिसचं काम. मी निघताना म्हणाले, "गेल्या वर्षी तिने घर बदललंय." मला ठाऊक नव्हतं गं, दादालाही नव्हतं. पाकिटावरचा पत्ता त्यांनी सांगितलाय, पिनकोडसकट, तोंडपाठ.