तुझ्या आईची बाजू

अंबरनाथ,
१२ डिसेंबर १९५४

प्रिय वृंदा,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालाने न पाठवता दिनूमामाच्या हाती देतो आहे. मंगळवारी त्याला नाशिकला काम आहे, तिथून तो सिन्नरला येईल. तुला पत्र दिल्याशिवाय चहा घेणार नाही असं त्याने कबूल केलं आहे. पण तुझा मामा आणि चहा हे तू जाणतेस, तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन तूच आधी बाहेर ये. पत्र एकटी असताना वाच आणि मग चुलीत घाल. मला एरवी थोडक्यात लिहायची सवय आहे, या वेळी ते जमलेलं नाही.

बोटीने जायचं की नाही हे मला महिनाअखेर कंपनीला कळवायचं आहे. मार्चच्या शेवटी इटालियन कंपनीची बोट मुंबईहून सुटते. एडन, सुएझचा कालवा, पोर्ट सैद, मग भूमध्य समुद्रात मेसिना, नेपल्स आणि शेवटी जिनोआ. तिथे ती काही दिवस थांबते आणि त्याच बोटीने आपण परत. कोणाला भेटायचं नाही, शिकायचं नाही, नोकरीचं काही नाही. काशीआत्या परवा म्हणाली, "नुसतं पाणीच बघायचं तर आपली उल्हास नदी काय वाईट आहे रे श्याम? जायला यायला बैलगाडी पुरते." कारखान्यातले माझे जुने सोबतीही तेच म्हणतात, फक्त इंग्रजीत. निवृत्त झालेला माणूस काशीला जातो, फार तर रामेश्वरला. हवा खायला इटलीला गेलेला माणूस अंबरनाथमध्ये अजून कोणी पाहिलेला नाही.

हा विषय मुळात तुझ्या आईचा. तुझं लग्न झालं, घर रिकामं झालं, तेव्हा ती उल्हासनगरला पोपटीबाईंकडे सिंधी भरतकाम शिकायला जाऊ लागली. त्या वेळी पोपटीबाई बराकीतल्या एका कोपऱ्यात राहायच्या, मध्ये गोणपाटाचा पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. भिंतीवर मात्र त्यांच्या भावाने पोर्ट सैदहून पाठवलेली रंगीत कार्डं टाचलेली. भावाचं तिथे बंदरावर रेशमी कापडाचं दुकान आहे, फाळणीच्या कितीतरी आधीपासून. तुझ्या आईने एकदा विचारलं, समुद्र खरंच इतका निळा असतो का? पोपटीबाई तिला अदी म्हणत, म्हणजे ताई. म्हणाल्या, "अदी, भाई लिखता है नीला है. लेकिन देखने का टैम किसको है, दुकान है ना." त्या स्वतः कराचीहून बोटीने आल्या होत्या, डेकवर, पोरांना अंगाशी बांधून. बोट म्हटलं की त्या विषय बदलायच्या. पण कार्डं त्यांनी एकेक करून तुझ्या आईला देऊन टाकली.

मग आमचा रविवारचा एक परिपाठच झाला. दुपारचा चहा झाला की बोटीचे फायदे-तोटे काढत बसायचं. फायदे तिने सांगायचे, तोटे मी. मी म्हणायचो, बोटीवर बटाटा उकडतात आणि त्यालाच जेवण म्हणतात. ती म्हणायची, मी लोणच्याची बरणी घेईन. मी म्हणायचो, बोट हलली की बरणी फुटेल. ती म्हणायची, फुटू दे, तिथल्या माशांनाही कळू दे लोणचं काय असतं. मी म्हणायचो, रेवसच्या लाँचमध्ये तासाभरात माझं काय झालं होतं ते विसरलीस वाटतं. ती म्हणायची, विसरेन कशी, माझ्याच पदरात झालं होतं. जायचं असं कधी ठरलेलं नव्हतं, त्यामुळे मोकळेपणाने भांडता यायचं. माझ्या फंडाचे पैसे येणार तेव्हा बघू, एवढंच मी म्हणत असे. पैसे आले, आणि त्याच सुमारास तिचा आजार कळला.

आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. तोटे मला पाठ आहेत. एक तर तिला जाऊन वर्ष पुरं झालेलं नाही, आणि वर्षाच्या आत समुद्र ओलांडू नये असं काशीआत्या दर भेटीत सांगते. दुसरं म्हणजे मला परक्या माणसांशी बोलता येत नाही, ओळखीच्यांशीही फारसं येत नाही. जेवायच्या टेबलावर तीन आठवडे तीच माणसं समोर असणार. इथे जीव रमेनासा झाला की मी शिवमंदिरापर्यंत चालत जातो, नदीकाठी थोडा उभा राहतो आणि परत येतो. बोटीवर कितीही चाललं तरी माणूस फिरून तिथेच येणार. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ज्या गोष्टी बघून "अगं, बघ" म्हणावंसं वाटेल, त्या मी कोणाला दाखवू? निळा समुद्र एकट्याने बघण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिच्या बाजूने मी जे काही मांडायला जातो त्याचा शेवट असा माझ्याच बाजूला होतो. फायदा म्हणून एकच सुचलं. निवृत्त होऊन एवढे महिने झाले तरी कारखान्याचा भोंगा झाला की मी दाढीचं सामान काढतो. बोटीलाही भोंगा असतो, पण तो माझ्यासाठी वाजणार नाही.

घरच्यांच्या लेखी मात्र फायदे-तोटे संपलेले आहेत, कारण कावळा शिवलेला आहे. ती हकिगत तू दिनूमामाच्या तोंडून ऐकली आहेस. बायकांना घाटावर येता येत नाही, म्हणून त्याने सांगितली तीच तुमच्यापर्यंत पोचली. मी तिथे होतो, खरी हकिगत आता सांगतो.

दहाव्याला बदलापूर गावातल्या घाटावर आम्ही सात-आठ जण होतो. ऊन फार होतं. पिंड मांडून आम्ही मागे सरलो. समोरच्या आंब्यावर कावळे होते, पण एकही खाली येईना. गुरुजींना पुढे कुळगावला दुसरं काम होतं. ते म्हणाले, "अहो बोला काहीतरी, बाईंची काही इच्छा राहिली असेल. नुसतं उभं राहून कावळा यायचा नाही." मग एकेक जण पुढे झाला. तुझा मामा दिनानाथ आपल्या बहिणीला म्हणाला, मालू, भावजींच्या जेवणाची काळजी करू नकोस, डबा मी पोचवीन. कावळा उतरला नाही. दोन पावलं सरकून बसला, बस. जांभूळ गावचा हरिचंद्र तुझ्या आजोबांच्या वेळेपासून मामांची जमीन करतो. तो म्हणाला, "मालूताय, तुजे हातचा कलमी आंबा हाय ना, त्याला मी पानी घालीन, जीव हाय तवर." तरीही नाही. मग माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला तिची इच्छा माहीत होती, पण ती चारचौघांत मोठ्याने बोलायची गोष्ट नव्हती.

शेवटी दिनानाथचा धीर सुटला. तो नदीकडे तोंड करून ओरडला, "मालू, भावजी बोटीनं जातील! इटली बघून येतील! मी पाठवतो त्यांना!" आणि कावळा खाली उतरला. दिनानाथ तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. गुरुजी म्हणाले, "घ्या, समुद्रापलीकडची इच्छा होती, इथे कशी मिळणार?" पण वृंदा, त्या आंब्याच्या सावलीत एक कुत्रं पडलेलं होतं. दिनानाथ ओरडत असतानाच हरिचंद्राने त्याला काठी दाखवून "हाड" केलं, कुत्रं उठून गेलं, आणि कुत्रं गेलं म्हणून कावळा आला. हे मी पाहिलं, हरिचंद्रानेही पाहिलं. आम्ही दोघं काही बोललो नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की ते मोडावंसं वाटलं नाही.

तेव्हा मला कावळ्याचं बंधन नाही. तोट्याची बाजू जड आहे, आणि नाही म्हणायचं म्हणूनच मी गेल्या सोमवारी मुंबईला कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या पारशी कारकुनाने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "साहेब, दोन बर्थची केबिन हाय. दुसरा नाव काय लिवू?" घाटावर दिलेल्या शब्दाप्रमाणे दिनानाथनेच कंपनीला पत्र लिहिलं होतं, आणि सवयीने दोघांची केबिन मागितली होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, महिनाअखेर कळवतो. घरी येईपर्यंत मी त्या दुसऱ्या नावाचाच विचार करत होतो.

मला तेराव्यापर्यंत तू इथे होतीस ते दिवस आठवले. आई अत्यवस्थ असल्याची तार मिळूनसुद्धा तू दोन दिवस उशिरा आलीस, कारण सासूबाईंचं पापडांचं पीठ भिजलेलं होतं. तू तसं सहज सांगितलंस, जणू काही त्यात विशेष नाही. तुझ्या आईने शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पलंग ठेवायला लावला होता, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आपल्या घरी तू जेवायला बसलीस तीही सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून. आमचे जावई शशिकांतराव गेले त्याला तीन वर्षं होतील. तुझं पत्र येतं ते मामंजींच्या कार्डावर, खाली एका ओळीत, "मी खुशाल आहे." तुला माहेरी पाठवा असं तुझ्या आईने किती वेळा लिहवून घेतलं, आणि दर वेळी उत्तर आलं की सध्या सोय नाही. बाराव्याच्या संध्याकाळी पोपटीबाई डाळ-भात घेऊन आल्या होत्या. तू तुझ्या आईने जपून ठेवलेलं बोटीचं माहितीपत्रक वाचत होतीस, नकाशावर बोट ठेवून. मी आलो तसं तू ते परातीखाली सारलंस. आणि थोड्या वेळाने हळूच पोपटीबाईंना विचारलंस, "बोटीवर आपल्याला कोणी ओळखत नसतं ना?" त्यांनी तुझ्या पानात आणखी भात वाढला.

तुझी आई फायद्याची बाजू मांडायची तेव्हा मला वाटायचं की ती निळ्या पाण्याबद्दल बोलते आहे. आता वाटतं, ती तिसऱ्याच माणसासाठी भांडत होती आणि मला ते स्पष्ट सांगायला संकोचत होती. आम्ही दोघंही तसे अबोलच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. उद्या मी मामंजींना एक वेगळं पत्र टपालात टाकतो आहे. त्यात घाटावरची हकिगत आहे, कुत्र्याशिवाय. कावळा शिवला तेव्हाचं वाक्य मी असं लिहिलं आहे: भावजी वृंदेला घेऊन बोटीने जातील. त्यातले "वृंदेला घेऊन" हे शब्द माझे आहेत. मी दिनानाथला विचारलं, तू असं ओरडला होतास असं म्हटलं तर चालेल का? तो म्हणाला, "भावजी, मी काय ओरडलो ते मलाच आठवत नाही. तुम्ही म्हणाल ते ओरडलो." मामंजी वाईट माणूस नाहीत. त्यांच्या आईच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा त्यांनी घाटावर आंबा सोडला आणि इतक्या वर्षांत फोडही तोंडात घातलेली नाही, हे मला ठाऊक आहे. असा माणूस मेलेल्या आईची इच्छा अडवणार नाही. त्यांना फसवताना मला बरं वाटत नाही, पण सरळ मागून आम्ही तीन वर्षं पाहिलं. तुला यायचं नसेल तर दिनूमामाला तसं सांग. मी पुन्हा विचारणार नाही, आणि एकटा जाणारही नाही. यायचं असेल तर मामंजी विचारतील तेव्हा गप्प राहा, आणि पासपोर्टच्या फोटोसाठी मामाबरोबर नाशिकला जा. तू मॅट्रिक आहेस. पुढे शिकायचं की पोपटीबाईंनी आता काढलेल्या शिवणवर्गात शिकवायचं, की आणखी काही, ते बोटीवर बोलू, तिथे वेळ भरपूर असेल. आणि एक गोष्ट मी कारकुनाला मुद्दाम विचारून घेतली आहे. परतीचं तिकीट कंपनी फक्त मुंबईपर्यंतचं देते. सिन्नरपर्यंतचं ज्याचं त्याने काढायचं असतं. मी ते काढणार नाही.

तुझाच,
नाना