मेलेलं शेवाळ जातं कुठे?

मंगळवार संध्याकाळ, भेस्तान

आमचे सोसायटीचे चेअरमन म्हणजे ग्रेटच. गेल्या आठवड्यात मोरचूद टाकून तळ्यातलं शेवाळ मारलं आणि स्वच्छ पाण्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मी तेव्हाच बोलले, "काका, मेलेलं शेवाळ तळाशी सडणार, सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपवणार. मासे मरतील." तर म्हणे, "बेटा, तू चोपड्या वाच, तळं मला बघू दे." पप्पापण हसले.

आज सगळे मासे उलटे तरंगतायत. आणि हा माणूस काय म्हणतो? कोणीतरी जहर टाकलं. वर परत तोच फोटो, आपलं तळं कसं होतं बघा. अरे, तूच ना टाकलंस?

मम्मी रोजच्यासारखी माशांसाठी कणकेच्या गोळ्या घेऊन गेली. डबा तसाच भरलेला परत आणला. पप्पांनी त्या फोटोवर थम्सअप टाकलाय.