लाल तीन, काळे दोन

तांडापेठ, नागपूर
९ नोव्हेंबर

चि. काजल हिस,
बाबूजीचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातली यादी पोचली. आई दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते, पण कामठीच्या पॉवरलूमनं माझे कान खाल्ले, मला त्यातलं अक्षर कळत नाही. म्हणून आपलं हे कागदावरचं बोलणं. आईला वाटतं, बापलेक एकमेकांना सुविचार लिहून पाठवतात. वाटू दे.

इकडचं ठीक म्हणायचं. प्रज्वल मिहानला कामाला जातो, आला की जेवून झोपतो. तुझ्या भावापेक्षा भाडेकरू जास्त बोलतो. माझा माग पोळ्यापासून बंद आहे, रेशीम देणाऱ्यानं हात वर केले. साडीदुकानवाला सुमंत तीनदा येऊन गेला. त्याला माग दुकानाच्या दारात शोभेला ठेवायचा आहे. मी म्हटलं, मग विणणाराही पेंढा भरून ठेव. तो हसला. मी काही हसलो नाही.

तुझ्या कॅसिनोच्या जहाजावरच्या चाकावर कोणता रंग पडला त्याची यादी मात्र मला दिवसभर पुरते. सहज मागितली होती, तर तू दर आठवड्याला पाठवू लागलीस. मी ती ग्राफपेपरवर चढवतो, एक डाव म्हणजे एक घर, लाल किंवा काळं. चाळीस वर्षं किनारी विणल्या की डोळ्याला खोड लागते. कापड कुठलंही असो, नक्षी जिथून पुन्हा सुरू होते ती जागा दिसतेच. आपण त्याला फेर म्हणतो. पोरी, तुझ्या चाकात मला फेर दिसून राहिला आहे. हसू नकोस.

पायांना तेल लावत जा. आमची माया काही आटत नाही, तू तिकडे रमून आम्हाला विसरू नकोस.

तुझा बाबूजी,
बाबनराव


पणजी
२० नोव्हेंबर

ति. बाबूजींस,
काजलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलेच, मना केलंत तरी. बाबूजी, चाकात फेरबीर काही नसतो. अठरा घरं लाल, अठरा काळी आणि एक हिरवं शून्य. शून्य आलं की लालवाल्यांचेही गेले आणि काळेवाल्यांचेही. त्या एका घरावर आमचं आख्खं जहाज तरंगतं. गोळीला मागचं काही आठवत नाही, ती दर वेळी नव्यानंच पडते.

युक्त्या करणारे रोज भेटतात. एक गृहस्थ हरले की दुप्पट लावतात, म्हणजे एकदा जिंकले की सगळं भरून निघेल. परवा लागोपाठ आठ वेळा काळा आला. नवव्या डावाला टेबलाची मर्यादा आडवी आली, दुप्पट लावताच येईना. दुसरे एक बायकोच्या वाढदिवसाच्या आकड्यावर लावतात आणि हरले की त्या माउलीला शिव्या घालतात. मी सगळ्यांकडे बघून सारखंच हसते. त्याचाच पगार आहे.

यादी सोबत जोडली आहे. वेळ जायला ठेवा, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. तशीही नोकरांच्या नातेवाइकांना आमच्या जहाजावर खेळायला बंदी आहे, म्हणजे तुमच्यापासून धोका नाही.

पाय फार दुखतात. कधी कधी वाटतं, सगळं सोडून घरी यावं. पण प्रज्वलच्या एकट्याच्या पगारात चौघांचं कसं व्हायचं? असो. आईला नमस्कार. तुमचा हात माझ्या डोक्यावर आहे तसाच राहू द्या.

तुमची,
काजल


तांडापेठ, नागपूर
२८ डिसेंबर

चि. काजल हिस,
अ. आ. वि. वि.

तू माझी थट्टा केलीस, मी परीक्षा घेतली. तुझं पाकीट आलं की ते फोडायच्या आधी पुढचे साठ डाव माझ्या मनानं लिहून काढतो, मग तुझी यादी जुळवून पाहतो. मागच्या साठांत सत्तेचाळीस जुळले. आता बोल. आणि तुझं ते शून्य दोन महिन्यांत एकदाही आलेलं नाही. दुप्पट लावणारे मूर्ख असतात हे मला पटतं, पण ज्याला नक्षी ठाऊक आहे त्याला दुप्पट कशाला लागते?

तू लिहिलंस, घरी यावंसं वाटतं. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. पोरीनं आठ आठ तास उभं राहायचं आणि बापानं इथे भिंतीला टेकून बसायचं, हे मला सहन होत नाही. माग मी सुमंतला दिला. नव्वद हजार आले. चार माणसांनी उचलून नेला. विणताना पाय सोडायच्या त्याच्या खड्ड्यावर आईनं फळी टाकली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुमच्या जहाजावर बंदी आहे तर शेजारी दुसरं आहेच. एकच किनार कोणत्याही मागावर विणता येते, तसं चाक इथून तिथून सारखंच. एक दिवस नीट खेळलो तर तुला त्या नोकरीत एक महिनाही राहावं लागणार नाही, इथेच काहीतरी दुकान टाकून देईन. आईला यातलं अवाक्षर सांगू नकोस. तुझ्यावर जीव आहे म्हणून करतो आहे, एवढं ध्यानात असू दे.

बाबूजी


पणजी
५ जानेवारी

ति. बाबूजींस,
शि. सा. न.

तुमचं पत्र परवा मिळालं. लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, तुम्ही उमरेडला चंपतरावकाकांकडे गेलात, फोन घरीच राहिला आहे. काकांना विचारलं, तर तुम्ही तिथे नाही. मी कामावर जाता येता जेट्टीवरचा प्रत्येक माणूस बघते आहे. तुम्ही कुठे उतरला असाल ते मला कळत नाही. म्हणून हे घरी पाठवते, निदान तिथे तरी तुमच्या हातात पडेल.

बाबूजी, त्या याद्या खोट्या आहेत. आमच्या गणवेशाचे खिसे शिवून टाकलेले असतात. टेबल सोडताना दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवावे लागतात. पेनसुद्धा जवळ ठेवता येत नाही, तर साठ डाव कुठे टिपणार? तुमचा माग बंद पडला, आई म्हणाली तुम्ही जेवत नाही, आणि तुम्ही माझ्याकडे एवढीच एक गोष्ट मागितलीत. मला नाही म्हणवलं नाही. खोलीवर आले की मनात येईल तसं लिहायची. तीन लाल, दोन काळे, हात आपोआप चालायचा. शून्य तर लिहायचंच विसरले.

मागच्याच पत्रात खरं सांगायला हवं होतं. तुम्ही इतक्या हौसेनं लिहिलं होतंत की धीर झाला नाही. काही लावलं नसेल तर लावू नका. मला घरी यायचंच नाही, मी इथे बरी आहे. रागावा, पण मला टाकू नका.

तुमची अपराधी,
काजल


तांडापेठ, नागपूर
१४ जानेवारी

चि. काजल हिस,
अ. आ.

घरी पोचलो. तुझं पत्र मी यायच्या आधीच येऊन पडलं होतं.

पैसे गेले. भर दुपारी गेलो होतो. पहिले चार डाव माझ्या कागदाप्रमाणे पडले, तिथेच मी फसलो. पहिलाच हरलो असतो तर उठलो असतो. मग चाक एकीकडे आणि कागद एकीकडे. मी कागदावर विश्वास ठेवला. शेवटचे चाळीस हजार काळ्यावर होते आणि शून्य आलं.

टेबलावरची पोरगी तुझ्याच वयाची होती. तिनं दोन्ही हातांनी माझ्या पैशांच्या चकत्या ओढून घेतल्या, माझ्याकडे बघून हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली. मला तिचा राग आला नाही. माझी काजल दिवसभर हेच करते, एवढंच मनात आलं, आणि तिथे बसवेना. संध्याकाळी जेट्टीवर तू दिसलीस. चपला हातात घेऊन चालत होतीस. दोनदा मागे वळून माणसं बघत होतीस. मी खांबाआड उभा होतो. हाक मारायला तोंड नव्हतं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माग गेला तवाच मले समजलं होतं." मग जेवायला वाढलं.

आता तुझ्या याद्यांचं. तुझं पत्र वाचलं आणि ग्राफपेपर पुन्हा काढला. चाक मनातून काढून टाकलं आणि नुसती घरं पाहिली. तीन लाल, दोन काळे, एक लाल, चार काळे. तू सात वर्षांची होतीस, तुझ्या आत्याच्या लग्नाची साडी मागावर होती. तू खड्ड्याच्या काठावर बसून नक्षीच्या कागदावरची घरं मोठ्यानं वाचायचीस आणि मी तसे दोरे उचलायचो. लाल तो वर, काळा तो खाली. पूर्ण किनार तुला पाठ झाली होती, झोपेतसुद्धा बडबडायचीस. तू मनात येईल ते लिहिलंस म्हणतेस. तुझ्या मनात तीच आली.

फेर दिसला तो बरोबरच दिसला, पोरी. पण किनार माझी होती, माझ्या हातची, आणि मी ती ओळखली नाही. तिच्याच भरवशावर माग विकला. काल सुमंतच्या दुकानावरून आलो. माग दारात उभा आहे, त्यावर प्लास्टिकची फुलं गुंडाळली आहेत.

तुझ्यावर राग नाही. तू माझ्यावर धरू नकोस.

बाबूजी