क्लेमेंटीनच्या फाटकातला समुद्र

३ नोव्हेंबर
जीनाच्या फोनला समुद्र सापडेना! भुईगावात बसून 'भुईगाव समुद्र' लिहिलं, तर त्याने विरारचं हॉटेल दाखवलं. माशांचं. मी म्हटलं, निदान वास तरी बरोबर लागला त्याला.

जीना माझी नात. कामावरून आली की जागा शोधायचं यंत्र बांधत बसते. "यंत्र नाही गं आजी, शोध. नाव लिहिलं की जागा सापडली पाहिजे." खालचा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही म्हणे, सगळ्यांचा, कुणीही भर घालावी. सगळ्यांचा म्हणजे कुणाचा? "तुझाही." चला, सातबाऱ्यावर नाही तर नकाशावर तरी माझा हक्क लागला!

अक्षरं मी शिकले नाही. हे सगळं फोनला सांगते, तो लिहून घेतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, मी काय म्हणते ते त्याला कळत नाही. छान जमतं आमचं.

५ नोव्हेंबर
जवळ म्हणजे किती जवळ, हे त्याला कसं कळतं? दिवसभर तेच डोक्यात. जीना म्हणते, अंतर मोजतो, आणि मोठ्या जागांना पुढे बसवतो. म्हणजे लग्नातल्यासारखंच!

आमच्या केळीच्या बागेतून एक वाट शेजारच्या क्लेमेंटीनच्या वाडीत शिरते आणि तिच्या फाटकातून किनाऱ्यावर उतरते. अख्खा गाव तिथून जातो, कुणी कुणाला विचारत नाही. मी तर रोज तिच्याकडे त्याच वाटेने. रस्त्याचा वळसा माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. नकाशात ती वाट नव्हतीच! "घाल की," मी जीनाला म्हटलं. घातली.

९ नोव्हेंबर, रविवार
सापडला समुद्र! नाव लिहिलं की खूण थेट क्लेमेंटीनच्या फाटकाशी. "पुन्हा लिही" म्हणत राहिले. जीना कंटाळली, मी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
जीनाने तो शोध सगळ्यांना खुला केला, आणि आम्हाला सापडला तसा समुद्र विरारलाही सापडला. स्कूटरी, टोप्या, पोरंबाळं — सगळी केळीतून! एकाने विचारलं, "आंटी, पार्किंग किधर है?" मी कोंबड्यांचं खुराडं दाखवलं.

क्लेमेंटीन कंबरेवर हात ठेवून फाटकात. "तुझ्या नातीचं काम ना हे? थांब, कुंपणच घालते. दोन्हीकडून!"

दोन्हीकडून! मग मी तिच्याकडे जायचं कसं?

१७ नोव्हेंबर
क्लेमेंटीनच्या फाटकाशी खांब येऊन पडले. जीनाला म्हटलं, पूस ती वाट. "पुसायची कशी आजी? वाट आहे ना तिथे. 'खाजगी' लिहिते. मग शोध तिकडे कुणाला पाठवणार नाही."

गावाच्या वाटेला खाजगी म्हणायचं! तरी म्हटलं, लिही. गावातली माणसं कुठे नकाशा बघून चालतात?

क्लेमेंटीनला सांगितलं नाही. म्हणेल, घाबरलीस!

२३ नोव्हेंबर, रविवार
एक स्कूटर नाही.

२४ नोव्हेंबर
क्लेमेंटीनकडे गेले. खांब तसेच पडलेले. ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग. कुणासाठी गं?

"काल कुणीच आलं नाही," ती म्हणाली. "विरारच्या पोरांना माझं फाटक सापडलं नाही की काय?"