झेंडा आत, पोरगी बाहेर

ल्होता, नेब्रास्का
१२ सप्टेंबर १९५४

ती. व्लास्ताताईस,

धाकट्या ओटाकारचा सा. न. वि. वि. इकडे तब्येती ठीक आहेत, डोकी मात्र नाहीत. रूझेनाने खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवले आहेत. जॉर्ज दाजींना सांग, गेल्या वेळेसारखे एकट्याने संपवू नका.

उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या शहाण्यांनी झेंड्याच्या प्रतिज्ञेत काय घुसडलं ते तू वाचलंच असशील. ‘एक राष्ट्र, अखंड’ असं तू म्हणालीस, मी म्हणालो, आपला एमिल म्हणाला. आता मधे ‘देवाच्या छायेखाली’ म्हणायचं. कायदाच केलाय. का, तर रशियावाले देव मानत नाहीत, मग आपण मानतो हे पोरांनी रोज सकाळी ओरडून सांगायला हवं.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात आपल्या यार्मिलाकडे झेंड्याचा मान होता. तुला ठाऊक आहे ती पद्धत, आठवडाभर एका पोराने पुढे झेंड्याशी उभं राहायचं आणि त्याने सुरुवात केली की वर्गाने मागून म्हणायचं. पोरीने सुरुवात केली ती सरळ जुन्या चालीने. ती पुढे निघून गेली, अर्धा वर्ग तिच्याबरोबर गेला, अर्धा देवापाशी अडखळला. मिस लिंडग्रेनला वाटलं विसरली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने विचारलं तर यार्मिला म्हणाली, आमच्या घरी देव नाही, मी ते शब्द सोडून बाकी सगळं म्हणेन. मिस लिंडग्रेन म्हणाली, म्हणायचं तर पूर्ण, नाहीतर प्रतिज्ञा होईपर्यंत बाहेर. तेव्हापासून माझी दहा वर्षांची मुलगी रोज सकाळी कॉरिडॉरमध्ये कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी असते.

मी हेडमास्तर हॅगर्टीकडे गेलो. तो गोड हसून म्हणाला की आम्ही तिच्यावर सक्ती कुठे करतोय, उलट मोकळीक दिलीय. मोकळीक! माझा मुलगा एमिल कोरियात लढायला गेला, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या सैनिकी ओळखपट्टीच्या पत्र्यावर धर्माची जागा कोरी होती. मरायला ती कोरी जागा चालली. त्याच्या बहिणीला वर्गात उभं राहायला चालत नाही.

तू ओमाहात इतकी वर्षं शिकवतेस, चर्चच्या कमिटीवर आहेस. तुझं नाव ऐकून हॅगर्टी वरमेल. त्याला एक पत्र लिही की पोरीला आत घ्या. बाकी काही मागत नाही.

लोभ आहेच, जरा कामालाही येऊ दे.

तुझा
ओटाकार


ओमाहा
२० सप्टेंबर १९५४

चि. ओटाकारास,

व्लास्ताचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटाही. तुझं पत्र वाचता वाचता शेगडीवरचं दूध उतू गेलं, तो रागही तुझ्याच नावावर मांडलाय. कोलाचे मिळाले. दाजींनी मला दोन ठेवले, म्हणजे सुधारणा आहे.

मी पत्र लिहिणार नाही. दोन शब्द आहेत रे. माझ्या वर्गात मीही रोज म्हणवून घेते. निम्मी पोरं अजून ठेचकाळतात, एक तर ‘देवाच्या शेजारी’ म्हणतो. त्यांच्या मनात तेव्हा डब्यातलं सँडविच असतं. कोणी त्या दोन शब्दांनी भक्त होत नाही, आणि तुझी मुलगीही होणार नाही. कायद्याचं म्हणशील तर कोर्टाने अकरा वर्षांपूर्वीच सांगितलंय की पोरांवर प्रतिज्ञेची सक्ती करता येत नाही. म्हणून तर हॅगर्टी सक्ती करत नाही, फक्त तिला खुंटीला टांगतो. ते मलाही आवडलेलं नाही. पण शब्द गिळ म्हणून तू तिला सांगितलंस तर हे उद्या संपेल.

तू सांगणार नाहीस, कारण हे भांडण तुझं आहे. आपल्या तान्ह्या भावाला, योसेफला, बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून फादरने त्याला चर्चच्या मातीत पुरू दिलं नाही. बाबांनी मग चार घरं जमवून टेकडीवर स्वतंत्र स्मशान काढलं. ती आग बाबांची होती, खरी होती. तू ती चाळीस वर्षं फुंकर घालून घालून जिवंत ठेवलीस. गावात आधीच आपण बोहेमियन, म्हणजे चेक, त्यात जुन्या देशात कम्युनिस्ट बसलेले. पोरं तिला मॉस्कोवाली म्हणत असतील, नाही का? ते तू लिहिलं नाहीस, पण मी शिक्षिका आहे, मला पोरं ठाऊक आहेत.

आणि बाहेर उभं करण्याबद्दल तू मला शिकवू नकोस. एमिलला टेकडीवर पुरलं त्या दिवशी मी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणू का विचारलं. तू लॉजच्या, त्या देव न मानणाऱ्यांच्या मंडळाच्या, सगळ्या लोकांसमोर म्हणालास की इथे नाही, म्हणायची तर कुंपणाबाहेर जाऊन म्हण. मी गेले. गटारापाशी उभी राहून माझ्या भाच्यासाठी प्रार्थना म्हटली. तीन वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही, आज काढलं.

यार्मिलाला एकदा विचार तरी, तिला काय हवंय. रूझेनालाही विचार. ती बोलत नाही याचा अर्थ तिला काही म्हणायचं नाही असा नव्हे.

माया आहे तशीच आहे, फक्त आज कडू लागेल.

तुझी
व्लास्ता


ल्होता
२४ ऑक्टोबर १९५४

ती. ताईस,

नमस्कार. महिना गेला, कारण दर रविवारी कागद घ्यायचो आणि फाडायचो. कुंपणाचं तू लिहिलंस, त्यावर मी आज काही लिहीत नाही. तू खोटं लिहिलेलं नाहीस, एवढंच.

विचारलं मी यार्मिलाला. तिने सांगितलं ते तीच तुला लिहिणार आहे, मला मधे पडू देत नाही. हो, मॉस्कोवाली म्हणतात. तिच्या कोटाच्या खिशात कोणीतरी लाल खडू चुरून टाकला होता. रूझेनाने तो खिसा धुतला आणि मला दाखवलाही नाही, वाळत घातलेला मीच पाहिला.

आता नवीन ऐक. अकरा नोव्हेंबरला शाळेत सैनिकांचा कार्यक्रम आहे. गावातल्या शहीद मुलाच्या शवपेटीवरचा झेंडा त्या दिवशी मंचावर लावायची इथली रीत आहे, दर वर्षी एका घराची पाळी. यंदा एमिलची. हॅगर्टी स्वतः गाडी घेऊन आला, टोपी काढून बसला, कॉफी प्यायला, आणि मोठ्या अदबीने झेंडा मागितला. मी विचारलं की माझी मुलगी कुठे असेल. तो म्हणाला की मंचावर झेंडा लावायला तिलाच बोलावू, मग प्रतिज्ञेपुरती ती बाहेर थांबेल, मग परत येईल. अगदी सोयीचं सांगितल्यासारखं म्हणाला. म्हणजे सगळं गाव छातीवर हात ठेवून एमिलच्या झेंड्याला सलाम करणार, आणि एमिलची बहीण खुंट्यांपाशी.

मी त्याला दार दाखवणार होतो. तेवढ्यात रूझेना आतून आली आणि म्हणाली की झेंडा देऊ. ट्रंकेतून तो कधी बाहेर निघत नाही, एक दिवस निघू दे. म्हणाली आणि परत आत गेली, पोळी जळत होती म्हणून. मी त्या शाळेच्या पायरीवर पाय ठेवणार नाही. मका काढायचा आहे, तो काढीन.

तू पत्र लिहिणार नाहीसच. ठीक. मग निदान ये. रूझेनाला एकटीला तिथे बसू देऊ नकोस.

राग ओसरला की लोभ सापडेल, तळाशीच आहे.

ओटाकार


ल्होता
३१ ऑक्टोबर १९५४

ती. आत्यास,

यार्मिलाचा नमस्कार. तू पाठवलेल्या टॉफी मिळाल्या, पण आता पाठवू नकोस, कारण मला वाईट वाटतंय म्हणून पाठवतेस ते मला कळतं. मला वाईट वाटत नाही, मला राग येतो.

बाबांना वाटतं मी त्यांच्यासाठी बाहेर उभी राहते. तुला वाटतं बाबा मला उभं करतात. मिस लिंडग्रेनला वाटतं मी हट्टी आहे. तिचंच जरा खरं आहे.

मला प्रतिज्ञा दादाने शिकवली. मी पहिलीत जायची होते, तो गाईंच्या गोठ्यात दूध काढता काढता म्हणायचा आणि मी मागून म्हणायची. माझा उजवा हात कुठला ते मला कळायचं नाही, म्हणून त्याने माझ्या उजव्या मनगटाला दोरी बांधली होती. आमच्या घरी जेवताना, झोपताना काही म्हणत नाहीत. बाकीच्यांच्या घरी म्हणतात. आमच्याकडे म्हणायला तेवढं एकच आहे. मला ते दादाने म्हटलं तसंच म्हणायचंय, आतमध्ये, सगळ्यांबरोबर. बाकीच्यांनी देव म्हटला तर म्हणू दे, मी काही त्यांचं तोंड धरत नाही. मी तेवढा वेळ गप्प राहीन. हे मी मिस लिंडग्रेनला सांगितलं, तर ती म्हणाली की एकीला सूट दिली तर सगळे मागतील. मी म्हटलं, मागू दे. त्यावर तिने मला फळा पुसायला लावला.

कॉरिडॉरमधून सगळं ऐकू येतं. आत म्हणायला लागले की मी पण मनात म्हणते, पण मनात म्हटलेलं मोजत नाहीत.

झेंडा मीच नेणार आहे. बाबा म्हणतात जाऊ नको, आई म्हणते जा. तू आलीस तर दाराजवळच्या खुर्चीवर बस. दार उघडं ठेवलं तर मला तू दिसशील.

माझ्यावर माया ठेव, पण टॉफीशिवाय.

तुझी
यार्मिला


ओमाहा
१२ नोव्हेंबर १९५४

चि. ओटाकारास,

आशीर्वाद. काल तुला न भेटता दुपारच्या बसने परतले, त्याबद्दल रागावू नकोस. तुझ्या शेतावर आले असते तर मी रडले असते, आणि मला काल रडायचं नव्हतं. रूझेनाने तुला झेंडा घरी आणला एवढंच सांगितलं असणार. बाकी मी सांगते.

हॉल भरला होता. मी यार्मिलाने सांगितल्या खुर्चीवर बसले, शेजारी रूझेना, तिच्या चांगल्या निळ्या पोशाखात. यार्मिलाने झेंडा आणला आणि हॅगर्टीबरोबर पडद्याला टाचला. फार नीट लावला, एक सुरकुती नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅगर्टीने एमिलचं नाव घेतलं, चुकीचं उच्चारलं, आणि म्हणाला की आता सर्वांनी उभं राहावं. सगळे उभे राहिले. मिस लिंडग्रेनने यार्मिलाकडे बघून दाराकडे बोट केलं. साधं बोट, खिडकी लावायला सांगतात तसं. आणि तुझी मुलगी मंचावरून उतरली, मधल्या वाटेने सगळ्या गावासमोरून चालत दाराकडे आली. कोणीतरी हसलं.

ओटाकार, मी देव मानते. तू मला हसतोस, तरी मानते. एमिल गेल्यापासून एक रात्र त्याच्यासाठी प्रार्थना केल्यावाचून झोपले नाही. पण काल त्या हॉलमध्ये माझ्या देवाचं नाव घेऊन त्या लेकराला बाहेर काढलं, आणि मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोन शब्द आहेत रे, असं मी तुला लिहिलं होतं. त्या दोन शब्दांपायी तिला दोन मिनिटंसुद्धा आत उभं राहू दिलं नाही. माझ्या देवाला हे विचारून केलं का कोणी? त्याला बिल्ल्यासारखा छातीला लावून फिरतात, आणि ज्याच्या छातीला नाही त्याला हाकलतात.

मी खुर्चीवरून उठले आणि बाहेर गेले, तिच्या शेजारी खुंट्यांपाशी उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर रूझेनाही आलेली. दार कोणी लावलं नव्हतं. आत सुरू झालं, आम्हीही सुरू केलं, तिघींनी, मोठ्याने, एमिलने म्हटलं तसं. आमचं दोन शब्दांनी आखूड, त्यामुळे आमचं आधी संपलं. आम्ही गप्प झालो तेव्हा आत अजून शेवटचं ‘स्वातंत्र्य आणि न्याय’ चाललं होतं. ते शेवटपर्यंत ऐकलं. हॉलमधल्या मागच्या तीन रांगा आमच्याकडेच बघत होत्या.

मग रूझेना आत गेली. मला वाटलं परत खुर्चीवर बसायला. ती मधल्या वाटेने सरळ मंचावर गेली. हॅगर्टी भाषणाचा कागद उलगडत होता. तिने पडद्याच्या टाचण्या एकेक काढायला सुरुवात केली. त्याने हळूच विचारलं की हे काय करताय. ती म्हणाली की झेंडा माझ्या मुलाचा आहे, त्याच्या बहिणीला जागा नसेल तिथे तो राहणार नाही. ती चेक भाषेत बोलली. हॅगर्टीला एक शब्द कळला नाही, निम्म्या हॉलला सगळं कळलं. मग तिने यार्मिलाला हाक मारली. दोघींनी झेंडा ताणून धरला आणि तिथेच मंचावर घडी घातली, सैन्याने दिला होता तशी तिकोनी, घाई न करता. मिस लिंडग्रेन भिंतीकडे बघत होती. झेंडा काखेत घेऊन माय-लेकी निघाल्या, मी मागून. त्यांनी पुढचा कार्यक्रम रिकाम्या पडद्यासमोर केला असेल, मला माहीत नाही.

आज सकाळी माझ्या वर्गात मी सांगितलं की ज्याला ते शब्द म्हणायचे त्याने म्हणावेत, ज्याला नाही त्याने गप्प राहावं, बाहेर कोणी जाणार नाही. मधल्या सुट्टीत हेडमिस्ट्रेसने बोलावलं. उद्या शाळेच्या बोर्डापुढे जायचंय. जॉर्ज रागावलेत, पण मला न्यायला गाडी काढणार आहेत.

हॅगर्टी येईल. पुन्हा टोपी काढून बसेल, कॉफी पिईल, झेंडा मागेल. तू काही बोलू नकोस, ओरडू तर मुळीच नकोस. फक्त विचार, पोरगी कुठे उभी राहणार. आणि तो उत्तर देईपर्यंत झेंड्याच्या ट्रंकेवरून उठू नकोस.

रूझेनाला माझा नमस्कार, ती माझ्यापेक्षा लहान असली तरी. माया धरून राहा, मीही धरून आहे.

तुझी
व्लास्ता