घामोळं आणि फोडणी

५ मे १९८६, सोमवार

माझ्या चुलीवर फोडणी द्यायची की नाही, हे आता शेजारीण ठरवणार! समोरच्या खोलीतली वनमाला आली, नातीच्या, मीराच्या, मानेवरचं लाल पुरळ बघितलं आणि हात जोडले. "देवी आल्या गो." झालं. माझ्या लेकाने, नंदूने, दाराला कडुलिंब बांधला. देवीला वास चालत नाही म्हणून फोडणी बंद, पोरीची आंघोळ बंद, आणि सुनेचं, जयंतीचं, कामावर जाणं बंद. आई घरी हवी म्हणे. बाप चालला ड्युटीला.

दीड वर्षाची पोर. ताप नाही, फोडात पाणी नाही. विक्रोळीचा मे महिना, वर पत्रा — घामोळं येणार नाहीतर काय मोती येणार?

६ मे

पोरीला आंघोळ घातली. साधं पाणी, साबण नाही. मान, काखा नुसत्या टिपल्या. नंदूने हौसेने आणलेला नायलॉनचा फ्रॉक उतरवला, माझ्या जुन्या पातळाचं झबलं शिवलं. जयंती पावडर थापायला निघाली, तिचा हात धरला. वनमाला दारातून म्हणाली, कोप होईल. म्हटलं, माझ्यावर होऊ दे, मी रिकामीच बसलेय.

७ मे

लसणीची फोडणी दिली, दार उघडं टाकून! नंदू जेवला नाही. म्हणाला, "आये, पोरीला काय झालं तर?" डोळे भरले होते. ढोंग नव्हतं. मग दोघं पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईसुद्धा घामोळंच म्हणाली. भीती होती ती गेली. तरी म्हणतो, जयंतीने घरीच बसावं. आता कसली भीती?

८ मे

पुरळ बसतंय. खाजवणं थांबलं.

जयंती कांजूरला कारखान्यात पॅकिंगमध्ये आहे. या महिन्यात कायम करणार होते. डबा घासत होती. म्हटलं, नुसता घासू नको, उद्या भरून घे. पोर मी बघते.

९ मे

जयंती कामावर गेली, आणि कारखान्याच्या गेटवरून परत आली. नंदू सोमवारीच तिथे सांगून आलाय — पोरीला देवी आल्या, बायको काम सोडतेय. तिला विचारलंसुद्धा नाही.

उद्या दोघं जातील. साहेब विचारील. जयंतीने एक शब्द बोलायचा नाही. नंदूने सांगायचं — काम सोडतेय हे मीच परस्पर सांगितलं, तिने नाही.