माती काढली तर उशीर लागतो

मंगळवार, नांदेड

दुष्काळात चाकूरच्या काकांनी विहीर आणखी खोल खणली, तेव्हा काळा थर लागला. काका म्हणाले, "कोळसा हाय का बघ, आपल्या नव्यानं झालेल्या जिल्ह्याचं नाव होईल." कोळसा नाही, जुन्या तळ्यातला पाल्याचा गाळ आहे.

आज प्रयोगशाळेत तो दोन मुशींत तापवला. एकीत मातीसकट, दुसरीत आम्लानं माती विरघळवून. मातीसकटचा पाला कमी तापमानालाच फुटला, म्हणजे त्याचं विघटन झालं आणि वायू आधी सुटला.

सर म्हणाले, "भट्टी एका बाजूनं जास्त तापते, बाई."

तापते? मग मी मुशींच्या जागा बदलून नवे नमुने तापवले. पुन्हा मातीवालाच पुढं! म्हणजे मातीच पाला फोडायला हातभार लावते.

सरांनी दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहिले. मग म्हणाले, "उद्या विभागात सगळ्यांसमोर तूच सांग."

सांगते की. आवाज कापणार नाही माझा.